पातं परक्याचं, मूठ आपली

‘रंग दिल्याने तलवारीची धार वाढते का?’ ऑनलाइन खेळातल्या तलवारीला रंग घ्यायचा म्हणून पैसे मागणाऱ्या पोराला एवढे विचारले की वाद जिंकला, असे समजणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही, वाढत नाही. तसूभरही नाही. आणि वाढत नाही म्हणूनच तो रंग घेणे हा त्या साऱ्या बाजारातला सगळ्यांत निरुपद्रवी व्यवहार आहे. ज्या दिवशी रंगाने धार वाढू लागेल, त्या दिवशी मीही तुमच्या ओळीत येऊन उभा राहीन. काही खेळांत तो दिवस उजाडलेला आहे. त्याचा समाचार पुढे घेऊ.

हे खेळ ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. भूमिका घेऊन खेळायच्या या खेळांत हजारो माणसे एकाच जगात वावरतात आणि सगळ्यांना हत्यारे पुरवणारी कंपनी एकच असते. तलवार कोणती, तिचा वार किती, हे तिथल्या कारकुनी तक्त्यात आधीच ठरलेले. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये हत्याराच्या नावाचा रंगही ठरलेला : करडे म्हणजे भंगार, मग पांढरे, हिरवे, निळे, जांभळे आणि सर्वांत वर केशरी. हा कंपनीचा रंग, म्हणजे दर्जाचा शिक्का. खेळणाऱ्यांना हवा होता तो रंग वेगळाच. ‘गिल्ड वॉर्स’ या २००५ च्या खेळात रंगाच्या कुप्या सापडत आणि खेळाडूंच्या आपसातल्या बाजारात काळ्या रंगाची कुपी सगळ्यांत महाग जाई. ‘सिटी ऑफ हीरोज’ने २००७ मध्ये हत्याराचे रूप बदलायची सोय दिली आणि २००९ मध्ये अंगातल्या शक्तीतून फेकलेल्या आगीचा रंगसुद्धा निवडू दिला. ‘वॉरफ्रेम’मध्ये आज एकेका हत्याराला अनेक ठिकाणी निरनिराळा रंग देता येतो. फुकटच्या तक्त्यात मोजके रंग असतात, बाकीचे तक्ते विकत.

तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमजवळच्या एका गावात माझ्या मावशीचा नातू हे करताना मी शेजारी बसून पाहिले आहे. इंजिनीअरिंगचा मुलगा, सुट्टीत घरी आलेला, ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन. पात्याला त्याने चक्क मळकट राखाडी निवडला, धुवून ठेवलेल्या लोखंडाचा. मुठीला गर्द तपकिरी. किनारीला तांबडा लावला, पाहिला, काढला, दोन चौकटी खालचा मंद तांबडा लावला. सगळ्यांत जास्त वेळ गेला तो वार करताना उसळणाऱ्या तेजाच्या रंगात. तो पांढराशुभ्र ठेवला तर सोबतच्या खेळाडूंचे डोळे दिपतात आणि ते शिव्या घालतात, असे त्याने मला समजावले. म्हणून फिका हिरवा. चार माणसांत वावरताना आपला उजेड दुसऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये, हे पोराला कोणी शिकवायला गेले नव्हते.

त्याचे आजोबा, म्हणजे आमचे काका, आतून बाहेर आले आणि त्यांनी तोच सुप्रसिद्ध प्रश्न विचारला. खास लक्षात ठेवण्यासारखे हे, की त्याच आठवड्यात गावाच्या वेशीवरच्या अय्यनारच्या रंगकामाची वर्गणी काकांनी दिली होती.

अय्यनार हा या मुलखातला राखणदार देव. कावेरीच्या फाट्यांमधल्या गावागावांत, तळ्याच्या बांधावर किंवा वेशीबाहेर तो बसलेला असतो. पुढे घोडे, बाजूला करुप्पसामीसारखे त्याचे आडदांड सोबती, हातात तलवार नाही तर अरुवाळ. अरुवाळ म्हणजे आपला कोयताच, लांब पात्याचा. रात्री हे सगळे लष्कर घोड्यांवर बसून गावाला फेरी घालते, अशी श्रद्धा. पूर्वी कुंभार भाजक्या मातीचे घोडे करीत आणि नवसाला ते वाहिले जात, अजूनही वाहतात. पण बऱ्याच ठिकाणी आता मूर्ती सिमेंटच्या आणि रंग डब्यातला ऑइलपेंट. उत्सव जवळ आला की रंगारी येतो. त्या वेळचे काम पाहण्यासारखे असते. जुना पोपडा तारेच्या ब्रशने खरवडायचा, वर अस्तर मारायचे. मग सिमेंटच्या पात्यावर चंदेरी रंगाचे दोन हात आणि पाठीच्या बाजूने काळी बारीक रेघ, म्हणजे खालून पाहणाऱ्याला पाते पातळ वाटते. टोकाला लाल. मुठीवर सोनेरी, आणि बोटांच्या कडेने तो सोनेरी ओघळू नये म्हणून रंगारी श्वास धरून हात चालवतो. पूजेच्या दिवशी शेजारच्या लोखंडी अरुवाळाच्या टोकाला लिंबू खोचले जाते, त्याला चंदन-कुंकू लागते.

त्या सिमेंटच्या तलवारीची धार वाढली का हो, काका? ती तलवार मुळात केळीचे पानही कापणार नाही. तरी तिच्यासाठी गावाने पैसे जमवले आणि त्यात कोणाला वेडेपणा दिसला नाही. दिसू नयेच. दोन पावसाळ्यांत तो रंग उडणार हे वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. रंगवलेली तलवार गावाला एवढेच सांगते, की राखणदार जागा आहे आणि तो आमचा आहे. खोट्या शस्त्राला खरे पैसे हा आक्षेप ज्याला घ्यायचा त्याने आधी वेशीवर जाऊन घ्यावा. तिथे त्याची हिंमत होणार नाही. म्हणून तो ओट्यावरच्या पोराला गाठतो.

यावर ठरलेले उत्तर येते : देवाची गोष्ट वेगळी. ठीक आहे, देव बाजूला ठेवू आणि माणसांच्या तलवारी पाहू. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली तेव्हा आपण सगळ्यांनी छाती फुगवली, आणि ते योग्यच होते. पण ती तलवार जरा निरखून पाहा. ती फिरंग आहे, म्हणजे पाते युरोपात घडलेले. तसली पाती त्या काळी बंदरांतून गठ्ठ्यांनी येत. त्या पात्यात रघुजींचे असे काय होते? मुठीवरचे सोन्याचे कोफ्तगरी काम आणि पात्यावर सोन्याने देवनागरीत भरलेले त्यांचे नाव व सेनासाहेब सुभा हा किताब. सोने खरवडून टाका, मूठ काढा. उरेल ते कुठल्याही युरोपी शिपायाच्या कमरेला शोभेल असे पोलाद. सत्तेचाळीस लाखांच्या घरातली रक्कम आपण कशासाठी मोजली, याचा विचार धार-धार करणाऱ्यांनी एकदा निवांत करावा. त्या सोन्याने तलवार एक सूतही जास्त कापत नव्हती.

तंजावरच्या शस्त्रांत ही गोष्ट आणखी ठळक दिसते. सतराव्या शतकातल्या दक्षिणी कट्यारी आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत आणि त्यांतल्या कित्येकांचा माग तंजावरच्या शस्त्रागारापर्यंत जातो. मूठ झाकणारे शिडासारखे फुगलेले पोलादी कवच, त्यावर जाळीचे काम, कडेला याळी नावाचे काल्पनिक श्वापद, मकर, पोपट. आणि मधले पाते? पुष्कळदा युरोपातल्या तलवारीचे, छाटून आखूड केलेले, दोन बाजूंच्या पट्ट्यांत रिव्हेट ठोकून बसवलेले. अशा काही पात्यांवर ‘अँड्रिया फेरारा’ या इटालियन कारागिराचे नाव असते. तेही बऱ्याचदा बनावट, कारण नावाला भाव होता. पाते बाजारातून आणायचे आणि मूठ आपल्या लोहाराकडून घडवायची, हा चांगला राजमान्य रिवाज होता. खेळातला पोरगा याहून निराळे काही करत नाही. कंपनीचे पाते सगळ्यांना सारखे. त्याच्या वाट्याला उरते ती मूठ, किनार, रंग. तेवढ्या जागेत तो स्वतःला मांडतो.

इथे आपल्या मराठी मंडळींचा एक जुना हिशेबही चुकता करायला हवा. व्यंकोजींनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारल्यावर इंग्रजांनी ते खालसा केले. या पावणेदोनशे वर्षांबद्दल महाराष्ट्रात सरसकट ऐकू येणारे मत असे, की तिकडचे भोसले नाच-गाण्यात, ग्रंथांत आणि चित्रांत रमले, तलवार शोभेची झाली. शोभा हा शब्द इथे शिवीसारखा वापरला जातो. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांच्या हाती किल्ला आणि भोवतालचा मुलूख एवढेच उरले, हे खरे. पण कट्यारींवरचे याळी आणि मकर त्या तहाच्या शंभर-दीडशे वर्षे आधीचे आहेत, प्रत्यक्ष लढायांच्या काळातले. आधीच्या नायक राजांच्या काळापासून चालत आलेली ही कला मराठ्यांनी उचलली आणि चालू ठेवली. रॉबर्ट एल्गुड या अभ्यासकाने २००४ साली दक्षिणेतल्या हिंदू शस्त्रांवर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. या आकृती नुसत्या नक्षीच्या नसून शस्त्राला देवत्व देणाऱ्या, पूजाविधीशी जोडलेल्या आहेत, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. म्हणजे सजावट आली ती लढाई संपल्यावर विरंगुळा म्हणून, ही समजूतच उलटी आहे. ज्याला उद्या मरायचे असू शकते तो आज हत्यार सजवतो. तंजावरच्या राजवाड्यातल्या ज्या उंच इमारतीला शस्त्रागाराचा मनोरा म्हणतात, तिथे १८५५ पर्यंत हा सगळा साठा होता. नंतर तो पांगला. थोडा मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेला, थोडा समुद्रापार.

रंग आणि लोखंड यांचे नाते तर याहून जुने आहे. तमिळ मुलखात मुशीत बनणारे पोलाद ज्या लहरींसाठी नावाजले गेले, त्या लहरी घासल्याने दिसत नाहीत. हिराकसासारख्या क्षाराचे पाणी पात्यावर फिरवायचे, तेव्हा काळा-पांढरा जौहर उमटतो. पाते त्या आधीही तितकेच कणखर असते. तरी जौहर उठवल्याशिवाय गिऱ्हाईक पाते हातात घेत नसे, कारण पोलादाचे कूळ त्यात दिसे. ‘काउंटर-स्ट्राइक’ या गोळीबाराच्या खेळात तापवून कडक केलेल्या पोलादासारखा दिसणारा एक रंग मिळतो. त्यात निळ्याचा डाग कुठे आणि किती पडला यावर खेळाडू अव्वाच्या सव्वा मोजतात. मला त्या किमती डोके फिरल्याच्या वाटतात. पण निळ्या पोलादाचे वेड त्यांनी शोधून काढलेले नाही, एवढे तरी कबूल करा.

सगळ्यांत गंभीर आक्षेप हिंसेचा. शस्त्र रंगीत, देखणे केले की मारणे गोजिरवाणे होते, असे म्हणणाऱ्यांत माझे काही मित्र आहेत आणि त्यांचा हेतू चांगला आहे. त्यांना मी फक्त वर्तमानपत्र वाचायला सांगतो. पुण्यात दहशत घालणाऱ्या टोळ्यांचे नावच कोयता गँग पडले आहे. तो कोयता कसा असतो? बाजारात उसाच्या दुकानी टांगलेला असतो तसा : काळे लोखंड, लाकडाची ओबडधोबड मूठ, रंग नाही, नक्षी नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत चेन्नईजवळ एका गुंडाचा वाढदिवस साजरा होत होता आणि केक अरुवाळाने कापला जात होता. पोलिसांनी धाड घालून डझनांनी माणसे धरली. आपल्याकडेही तलवारीने केक कापणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या नेमाने येतात. या लोकांना रंगाची गरज कधीच पडली नाही. ज्याला खरोखर कापायचे असते तो हत्याराच्या किनारीला मंद तांबडा शोभेल की गडद, यावर संध्याकाळ घालवत नाही. हत्यार सजवणाऱ्याचे लक्ष हत्यारावर असते, समोरच्याच्या मानेवर नाही. खेळात मारामारी असते, आणि ती किती असावी यावर जरूर भांडू. पण तो खेळाचा दोष आहे, रंगाचा नव्हे. रंग काढून टाकल्याने गोळी थांबत नाही.

आणि रंग ही क्षुल्लक गोष्ट आहे असे म्हणणाऱ्याने निदान या भूमीवर उभे राहून तसे म्हणू नये. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भाताची कणसे कापतात त्या विळ्याला कदिर अरुवाळ म्हणतात आणि कम्युनिस्ट पक्षाची निवडणुकीतली खूण इथे त्याच नावाने ओळखली जाते. भिंतीवर लाल रंगात काढलेला विळा आणि शेतात चालणारा विळा यांच्या धारेत काय फरक? काहीच नाही. अर्थामध्ये मात्र जमीन-अस्मानाचा. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलित माणसे, बहुतेक बायका आणि मुले, झोपडीत कोंडून जाळली गेली. मूळ भांडण मजुरीच्या वाढीव भाताचे. पण मजुरांनी लाल बावटा उतरवावा, संघटना सोडावी, हा जमीनदारांचा हट्टही त्यात होता. खेळातल्या रंगाची तुलना मी त्या आगीशी करत नाही. करणाऱ्याची जीभ झडेल. मी एवढेच दाखवतो आहे की आपला रंग कोणता हे आपण ठरवणार, या गोष्टीला माणसे कधीच हलके मानत आलेली नाहीत, आणि ज्यांच्या हातात आधीच सगळे असते तेच ‘रंगाने काय होते’ म्हणतात. तलवार, घोडा, मिरवणुकीतला पहिला मान या गोष्टी गावात कोणाच्या वाट्याला येत आणि कोणाच्या नाही, हे काय मी सांगायला हवे? खेळात मजुराच्या मुलालाही सोन्याची मूठ लावता येते. कोणी त्याला खाली उतर म्हणत नाही. त्याला हे सुख पहिल्यांदा मोबाइलच्या पडद्यावर मिळावे ही आपल्याला लाज वाटण्याची गोष्ट आहे, त्याला नव्हे.

आता माझ्या बाजूच्यांचे कान धरतो, कारण हे सगळे ऐकून कंपन्यांनी टाळ्या वाजवू नयेत.

‘फ्री फायर’ या खेळात बंदुकीचे रंगीत कातडे घेतले की कुठे मारा वाढतो, कुठे गोळ्या भरायचा वेग बदलतो. खेड्यापाड्यांतली पोरे खेळतात तो हा खेळ, कारण साध्या मोबाइलवर चालतो. तिथे रंग आणि धार यांची गाठ मारून ठेवलेली आहे. ज्याच्या बापाकडे पैसे त्याची गोळी भारी. सुरुवातीला म्हटले होते की अशा दिवशी मी तुमच्या ओळीत येईन, आलो. याला शस्त्र सजवणे म्हणत नाहीत, ही सरळ लबाडी आहे, आणि रंग तिचा बुरखा.

दुसरी लबाडी मोठी, आणि तिच्यावर आक्षेपकांची नजरच पडत नाही याचे मला नवल वाटते. २००६ च्या एप्रिलमध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या खेळासाठी घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला काढले, तेव्हा जगभर त्याची टर उडाली. अजूनही उडते. तंजावरच्या माणसाला त्यात हसण्यासारखे काय वाटावे, हा प्रश्नच आहे. याच गावांत पोय्क्काल कुदिरै नाचतात. कमरेभोवती घोड्याचा हलका सांगाडा, लाकडी पायांवर राजा-राणी, आणि घोडा झालरी-आरशांनी असा मढवलेला की खरा घोडा शरमावा. हा नाच मराठ्यांच्या राज्यात तंजावरात रुजला असे सांगतात. खोट्या घोड्याच्या झुलीवर खर्च करण्यात आपण चांगले मुरलेले आहोत. तर त्या अडीच डॉलरांत एक सचोटी होती : काय मिळणार ते समोर दिसे, किंमत लिहिलेली, घ्या नाही तर सोडा. सात वर्षांनी, २०१३ च्या ऑगस्टमध्ये, ‘काउंटर-स्ट्राइक’ने बंद पेट्या आणल्या. पेटी उघडायच्या किल्लीची किंमत २.४९ डॉलर, म्हणजे जवळपास तीच. पण पेटीत काय आहे ते उघडल्यावर कळणार. चाक गरगरते, हवा तो रंग जवळून सरकून जातो आणि पदरात पडतो मातकट काहीतरी. रक्कम एकच. पहिल्या व्यवहाराला दुकान म्हणतात, दुसऱ्याला मटका. आणि जगाने हसायला निवडला तो पहिला!

आमच्या काकांसारखे लोक नेमकी हीच चूक करतात. मुलाने शंभर रुपये मागितले की ‘रंगासाठी?’ म्हणून भडकतात; ‘ठरलेल्या किमतीला की पेटीसाठी?’ हे विचारत नाहीत. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवले. तमिळनाडूने ऑनलाइन जुगारावर कायदा केला आणि २०२५ मध्ये पैशांच्या खेळांना मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत टाळे लावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली. रमी, पोकर, पैजा या सगळ्यांवर चर्चा झडल्या. रंगांच्या पेटीचा मात्र त्या केंद्रीय कायद्यात नावानिशी उल्लेख नाही. का असेल? रंग म्हणजे पोरखेळ, असे मोठ्या माणसांनी ठरवून टाकलेले असले की त्यात दडलेला जुगार त्यांना दिसेनासा होतो. तुमच्या तुच्छतेचा फायदा कंपन्यांना मिळतो, मुलांना नाही.

तिसरे, मालकीचे. रघुजींची तलवार देश सोडून गेली, लिलावात विकली गेली, परत आली. तंजावरच्या कट्यारी परक्या कपाटांत असतील, पण त्या आहेत. काचेला नाक लावून मूठ पाहता येते. खेळातला रंग विकत घेतला असे आपण म्हणतो खरे, करारात मात्र तो वापरायची मुभा एवढेच दिलेले असते. सर्व्हर बंद, की मूठही गेली आणि किनारही. ‘सिटी ऑफ हीरोज’ ३० नोव्हेंबर २०१२ ला असाच बंद केला गेला. लोकांनी वर्षानुवर्षे जुळवलेले पोशाख, रंगवलेली हत्यारे, सगळे एका रात्रीत पुसले गेले. पुढे २०१९ मध्ये खेळाडूंनी तो खेळ आपल्या बळावर पुन्हा चालू केला आणि २०२४ च्या जानेवारीत मूळ कंपनीनेच त्यांच्यातल्या एका गटाला रीतसर परवाना दिला. सहा वर्षांहून जास्त काळ हे लोक ज्याच्यासाठी थांबले त्या जगात धारेचे आकडे तक्त्यात तयारच होते. रंग मात्र पुष्कळांना आठवून आठवून पुन्हा भरावे लागले, आणि त्यांनी ते भरले.